चव कोण बघणार

कर्र असा आवाज झाला आणि लुईसला क्षणभर वाटलं, देवळाच्या छपरावरचं कौल कुणाच्या तरी पायाखाली फुटलं. फादर प्रवचनात नुकतेच थांबले होते. वयामुळे दर दोन वाक्यांनंतर ते श्वास घ्यायला थांबत, आणि तेवढ्या वेळात सगळं देऊळ असं गप्प होई की बायकांच्या बाजूला एखादं पोर अंगठा चोखत असलं तरी पुरुषांच्या बाजूला ऐकू यावं. नेमक्या त्या गप्पपणात आवाज झाला होता. मग जिभेवर साखर उतरली आणि लुईसच्या लक्षात आलं की कौलबिल काही नाही, आवाज आपल्याच तोंडातला. त्याच्या उजव्या दाढेखाली कुलकुल होतं. नाताळसाठी आईने फणीवर वळून, तळून, साखरेत घोळवलेलं, करंगळीच्या पेराएवढं कुलकुल. ते तिथे कसं आलं हे त्याने स्वतःच्या हाताला विचारायला हवं होतं, पण हात आता शहाण्यासारखा मांडीवर येऊन बसला होता, जणू तो त्या गावचाच नाही.

हाताचा तरी काय दोष, असं लुईसच्या मनात आलं. मुंबईला, फोर्टातल्या त्याच्या कचेरीत, साहेब पत्रं सांगायला बसला की डाव्या हाताने वही धरायची आणि साहेबाने शब्द शोधायला छताकडे पाहिलं की उजव्या हाताने कोटाच्या खिशातला एक चणा उचलून तोंडात टाकायचा, हे त्याचं नोकरीत मिळवलेलं एकमेव कसब होतं. साहेब शब्द फार शोधायचा, त्यामुळे दुपारपर्यंत पुडी संपायची. पुढे पुढे हाताला डोक्याची परवानगीही लागेनाशी झाली. समोर कुणी मोठा माणूस बोलायला लागला आणि बोलता बोलता थांबला की हात आपला निघालाच. काल संध्याकाळी आईने तोच कोट झटकून, खिशातली चण्याची सालं काढून, त्यात वाडीतल्या पोरांना वाटायला कुलकुलं भरून ठेवली होती. फादर थांबले, हात निघाला. कचेरीत या गोष्टीने कुणाचं काही बिघडत नव्हतं. इथे मात्र नाताळची सकाळची मिस्सा चालू होती, प्रसाद घ्यायचा होता, आणि प्रसाद घेणाऱ्याच्या पोटात मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही जाता कामा नये असा नियम होता.

हा नियम लुईसच्या हाडांत भिनलेला होता. लहानपणी नाताळच्या सकाळी राखुंडीने दात घासताना तो इतक्या वेळा थुंके की घशाला कोरड पडायची, आणि तरीही एखादा चुकार थेंब आत गेला असेल या भीतीने तो देवळापर्यंत मान खाली घालून चालायचा, म्हणजे थेंब असलाच तर परत फिरावा. धर्मशिक्षणाच्या मास्तरांना एकदा पोरांनी विचारलं होतं, मास्तर, वाटेत माशी तोंडात गेली तर? मास्तरांनी बराच विचार करून सांगितलं, माशी आपण होऊन गेली तर उपास मोडत नाही, कारण तुझा खायचा हेतू नव्हता. मग एका पोराने विचारलं, आणि ती गोड लागली तर? त्याला मास्तरांनी छडी मारली. लुईसला आज ती माशी आठवली. हेतू त्याचाही नव्हता. हेतू हाताचा होता. पण हात त्याचाच, खिसा त्याचा, कुलकुल आईचं, आणि माशी काही साखरेत घोळवून तळलेली नसते. हा मुद्दा मास्तरांपुढे टिकला नसता, मग देवापुढे काय टिकणार.

त्याने चावायचं थांबवलं आणि कुलकुलाचे दोन तुकडे जिभेने गालात लोटले. थुंकावं तर कुठे? रुमाल डाव्या खिशात होता, पण नाताळच्या मिस्सेत प्रवचन चालू असताना रुमालात काहीतरी थुंकणारा माणूस क्षयाचा रोगी समजला जातो, आणि आजच्या दिवशी तसं समजलं जाणं त्याला अजिबात परवडणारं नव्हतं. कारण मागच्याच बाकावर, त्याच्या मानेवर श्वास लागावा इतक्या जवळ, बस्त्यावकाका बसले होते. बस्त्यावकाका म्हणजे पॉलिनचे वडील. आणि पॉलिन म्हणजे जिच्यासाठी लुईस या नाताळला दाढी दोनदा घोटून आला होता ती. गेल्या उन्हाळ्यात एका लग्नात ती त्याच्या पानात भात वाढायला आली होती आणि वाढता वाढता म्हणाली होती, "मुंबईला जाऊन एवढे वाळलात?" बस, एवढंच. त्या एका वाक्यावर लुईसने खोलीवरचा उन्हाळा, पावसाळा आणि रेशनचा भात काढला होता. रात्री डोळे मिटले की तो त्या वाक्याला नवीन नवीन उत्तरं देई, आणि सगळी एकाहून एक बावळट असत. त्याचं तिच्यावर प्रेम होतं. हा शब्द आपल्या घरात कुणी उच्चारत नाही म्हणून त्यानेही तो उच्चारला नव्हता, एवढंच.

बर्थाआते, म्हणजे त्याच्या वडिलांची बहीण, लग्न जमवायला मधे पडली होती. बस्त्यावकाकांची केळीची वाडी निर्मळच्या रस्त्याला लागून होती. ते वाडीत जसे घड निवडायचे तसेच जावईही निवडायचे, म्हणजे बोटाने दाबून. त्यांनी बर्थाआतेला सांगितलं होतं, "पोराची नोकरी मला नको सांगू. पगार नको सांगू. मुंबईला राहून पोरं देवाला विसरतात. नाताळला देवळात त्याच्या मागं बसतो. प्रसादाला उठला तर मिस्सेनंतर पोरीला घेऊन तुमच्याकडं जेवायला येतो. नाय उठला तर आमचं जेवण आमच्या घरी." हे बर्थाआतेने लुईसला आणि त्याच्या आईला चुलीपाशी बसून शब्दशः सांगितलं होतं. लुईस तेव्हा हसला होता. त्याला हे फारच सोपं वाटलं होतं. काल संध्याकाळी तो कुमसाराच्या रांगेत सगळ्या गावादेखत उभा राहिला, फादरांच्या कानाला लागून आपली बारीकसारीक पापं सांगून धुवून निघाला, आणि घरी येऊन पाळण्यातल्या पोरासारखा झोपला. एका रात्रीत माणूस किती पाप करील, असं त्याला वाटलं होतं. त्याला हाताचा विसर पडला होता.

प्रवचन संपलं, सगळे उभे राहिले, लॅटिनमधली लांबलचक प्रार्थना सुरू झाली, आणि गालातली साखर विरघळायला लागली. हे लुईसने धरलंच नव्हतं. त्याने घसा आवळून धरला. तोंडात लाळ साठली, ती वाढतच गेली, प्रार्थनेतलं एकही वाक्य त्याला म्हणता येईना. शेजारचा माणूस त्याच्याकडे पाहू लागला, तेव्हा त्याने ओठ नुसतेच हलवले, आणि त्या हलण्यात सगळं, साखर, पीठ, नारळाचा रस, आईची दोन दिवसांची मेहनत, एकदम आत गेलं. फार गोड लागलं. आता या गोष्टीवर वाद उरला नव्हता. त्याच्या मनात वकील उभा राहिलाच, म्हणाला, तू गिळलंस कुठे, ते विरघळलं. पण लुईसला त्या वकिलाची शरम वाटली. उपास मोडला होता. आता प्रसादाला उठावं तर देवाचा अपमान, न उठावं तर बस्त्यावकाका. चक्कर येऊन पडावं असंही मनात आलं, पण उपाशी पोटी चक्कर येते ती मुलींना, आणि पडला तर लोक तोंडात पाणी ओततील, म्हणजे उपास मोडल्याला निदान साक्षीदार होतील, हे त्यातल्या त्यात बरं. खोकत बाहेर जावं? खोकला म्हणजे पुन्हा क्षय.

त्याने बायकांच्या बाजूला पाहिलं. लाल लुगड्यांवर पांढऱ्या ओली, म्हणजे अंगावरच्या चादरी, डोक्यावरून घेतलेल्या बायका चटयांवर बसल्या होत्या, आणि त्यांच्यात त्याची आई क्लेमेंटीन नेहमीच्या जागी, खांबाला टेकून. तिला पाहिलं आणि जुनी भीती पुन्हा वर आली, ती इतक्या वर्षांनी येईल असं त्याला वाटलं नव्हतं. आई नाताळच्या दिवशी प्रसाद घेत नसे. वर्षभर दर रविवारी घ्यायची, गावच्या सणाला, फेस्ताला घ्यायची, पण नाताळला नाही. सगळ्या बायका प्रसादाला वेदीपुढच्या कठड्याकडे जायच्या आणि ती एकटी खांबापाशी बसून राहायची, ओल पुढे ओढून. लहान असताना लुईसला हे पहिल्यांदा कळलं. आईने काहीतरी मोठं पाप केलंय, आणि ते ती दरवर्षी नाताळच्या आदल्या दिवशीच करते, हे उघड होतं. त्याने वडिलांना, ते तेव्हा होते, विचारलं तर ते म्हणाले, "आय आणि देव बघून घेतील, तू तुझ्या नेवऱ्या खा." मग तो पाप शोधत राहिला. विहिरीवर शेजारणीशी भांडली होती ते? शेजारच्या एकनाथभाऊंच्या वाडीतली पपई कुंपणाच्या अलीकडे पडली म्हणून उचलली होती ते? एवढ्याने का कुणी नरकात जातं? तरी रात्री झोपताना तो आईसाठी एक जास्तीची नमो मरिया म्हणायचा, ओठांतल्या ओठांत, म्हणजे तिला कळू नये. ती सवय कधी सुटली ते त्याला आठवेना. मुंबईला गेल्यावर सुटली असावी. आईचं पाप तिथे नव्हतं ना.

घंटा वाजली. माणसं उठायला लागली, जोडे घासल्याचे आवाज, कोट सारखे केल्याचे आवाज, समोर कठड्यावर अंथरलेला पांढराशुभ्र कपडा. वेदीवरची झेंडूची फुलं एकनाथभाऊंनी वाडीतून तोडून दिली होती, दरवर्षी देत, आणि त्यांचा वास मेणाच्या वासात मिसळला होता. लुईसने ठरवलं. खरं सांगायचं तर त्याने उठायचंच ठरवलं. देव दयाळू आहे, बस्त्यावकाका नाहीत, असा साधा हिशेब त्याच्या मनाने मांडला, पुन्हा कुमसार करता येईल, पॉलिन पुन्हा मिळणार नाही. त्याने समोरच्या बाकावर हात टेकला, गुडघे अर्धे उचलले, आणि तेवढ्यात त्याला दिसलं की आई उठली. खांब सोडून, ओल सारखी करून, हात जोडून, सगळ्या बायकांच्या मागोमाग आई कठड्याकडे निघाली होती. नाताळच्या दिवशी. लुईस जिथल्या तिथे खाली बसला. त्याचे डोळे भरून आले, हे त्यालाही चमत्कारिक वाटलं, पण आले. आत कुठेतरी तो लहान पोर अजून बसलेला होता आणि त्याला कुणीतरी सांगितलं होतं की तुझी आई सुटली. त्या भरात रांग पुढे गेली, त्याचा बाक रिकामा झाला, मागचाही झाला, बस्त्यावकाका त्याच्या खांद्याला घासून गेले, आणि सगळ्या पुरुषांच्या बाजूला लुईस एकटाच उरला.

त्यानंतरची मिस्सा त्याला फारशी आठवत नव्हती. पॉलिन प्रसाद घेऊन परतताना नजर खाली ठेवून चालत होती, तशी सगळेच चालतात, पण त्याच्या बाकापाशी तिने ती एकदा वर केली होती. आईनेही त्याला एकट्याला बसलेलं पाहिलं आणि तिचा चेहरा ओलीपेक्षा पांढरा झाला. मग व्हायोलिनं वाजली, देवबाळाच्या पायांचं चुंबन घ्यायला लोक रांगेने गेले. त्यात उपासाचा प्रश्न नव्हता म्हणून लुईसही गेला, आणि बाळाचे गार मातीचे पाय त्याच्या ओठांना लागले तेव्हा ओठांवर अजून साखर असल्याचं त्याला कळलं.

देवळाच्या दारात माणसं एकमेकांना नाताळच्या शुभेच्छा देत घेत उभी होती. एकनाथभाऊ धोतर नेसून, देवबाळाच्या देखाव्यातल्या गोठ्यात ठेवायला केळीचा घड खांद्यावर घेऊन आले होते आणि गोठ्यातल्या गाईला यंदा एक शिंग का नाही याची चौकशी करत होते. बस्त्यावकाका गर्दीतून सरळ लुईसकडे आले. लुईसच्या मागे बर्थाआते जपमाळ हातात घेऊन उभी राहिली.

"प्रसादाला नाय उठलास," बस्त्यावकाका म्हणाले.

"नाय काका."

"काल कुमसाराला होतास. मी बघितला तुला. बराच वेळ आत होतास."

"फादरांना कमी ऐकू येतं. प्रत्येक पाप दोनदा सांगावं लागतं."

"मंग रात्रीत काय केलंस?"

लुईसने बर्थाआतेकडे पाहिलं. ती माळेचे मणी पुढे ढकलत होती. खोटं बोलायला त्याच्याकडे एक कारण तयार होतं, पण तोंड उघडल्यावर खरंच बाहेर आलं. "रात्रीत काय नाय, काका. प्रवचनात केलं. कुलकुल खाल्लं. हात आपोआप गेला."

बस्त्यावकाकांनी त्याच्याकडे असं पाहिलं जसं ते घडाकडे पाहत. "ठावं हाय मला," ते म्हणाले. "माझ्या दाढा गेल्या, कान हाय अजून. तुझ्या मागंच बसलेलो. कर्र करून वाजला. तेव्हाच बोललो मनात, आता हा उठतो का बघू. उठला असतास तर पोरीला घेऊन असाच घरी गेलो असतो. चल, जेवायला काय केलंय तुझ्या आयनं?"

आपण खरं तर उठतच होतो, हे बस्त्यावकाकांना सांगण्याची काही आवश्यकता नव्हती. लुईसने ते देवासाठी आणि पुढच्या कुमसारासाठी राखून ठेवलं. वाटेत सगळे पुढे चालले होते आणि तो मागे. उजवा हात खिशाकडे निघाला होता, त्याने तो डाव्या हाताने धरून ठेवला.

घरी आईने ओटीवर पाट मांडले. नेवऱ्या आल्या, दोदोल आला, गरम तळलेले फुगे आले. दारूबंदीच्या साली फुग्यांचं पीठ आंबवायला ताडी कुठून आणली ते कुणी विचारलं नाही आणि फुगेही काही बोलले नाहीत. सिरक्यातलं, लाल मिरचीचं इंद्याल आलं. डुक्कर काल संध्याकाळी कापलेलं, वाटे रात्री झालेले, आणि मटण आईने पहाटे चुलीवर चढवलेलं. नाताळचं इंद्याल म्हणजे क्लेमेंटीनचं, असं निर्मळपर्यंत बोललं जाई. बर्थाआतेने प्रार्थना म्हटली. बस्त्यावकाकांनी फुगा मोडला, इंद्यालात बुडवला, तोंडात घातला, आणि चावायचे थांबले. पुन्हा चावले. सगळे त्यांच्याकडे पाहत होते. मग बर्थाआतेने आपला घास घेतला, आणि तिचाही हात थांबला.

"क्लेमेंटीन," बर्थाआते हळूच म्हणाली, "मीठ?"

आईने पदर तोंडाला लावला. "नाय बघितलं," ती म्हणाली. "यंदा नाय बघितलं गं."

"काय नाय बघितलं?"

"चव." तिने लुईसकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "दरसाल पहाटे चुलीवर असतं. घरात सगळ्यांचा उपास. कुणाला सांगू चव बघ म्हणून? मंग मी बघते. एकीनं प्रसाद सोडला तर सगळ्यांचं जेवण बरं होतं. तुझ्या बालाच तेवढं ठावं होतं. पण यंदा तुझ्या लगनाचं ठरायचं होतं ना. म्हटलं, यंदा मायलेक दोघं देवळात दिसली पाहिजेत. म्हणून चमचा तोंडाला लावला नाय." कुलकुलाचं बर्थाआतेने तिला वाटेतच सांगितलं होतं. "आणि तू तिकडं कुलकुल खातोस."

लुईसला आधी काही कळेना, आणि मग एकदम सगळं कळलं. विहिरीवरचं भांडण नाही, पपई नाही. एक चमचा. नाताळच्या पहाटेचा, मीठ बघायचा एक चमचा. त्या एका चमच्यासाठी त्याने अंथरुणात पांघरूण तोंडावर घेऊन इतक्या नमो मरिया म्हटल्या होत्या की तेवढ्यात दोन माणसं स्वर्गात गेली असती. आणि ही बाई खांबाला टेकून, गावाने काय म्हणायचं ते म्हणू देत, सगळ्यांच्या पानातलं मीठ सांभाळत बसली होती. त्याला हसू यायला लागलं, ते थांबेना, आणि हसता हसता रडूही आलं, तेव्हा त्याने इंद्याल तिखट लागल्याचं निमित्त केलं.

बस्त्यावकाकांनी घास अजून गिळलेला नव्हता. पॉलिन इतका वेळ खाली मान घालून बसली होती. तिने हात लांब करून मिठाचं सट जवळ ओढलं, चिमूटभर मीठ बापाच्या पानात टाकलं, मग लुईसच्या, मग त्याच्या आईच्या, आणि म्हणाली, "पुढच्या नाताळला चव मी बघीन."

बर्थाआतेच्या हातातला फुगा खाली पडला. आईने पॉलिनकडे पाहिलं. "आणि तुझा प्रसाद?" तिने विचारलं.

"आळीपाळीनं. एक साल मी, एक साल तुमी." मग ती लुईसकडे न पाहता म्हणाली, "आणि यांच्या कोटाचे खिसे मी शिवून टाकीन."

बस्त्यावकाकांनी पोरीकडे पाहिलं, मग पानाकडे, आणि आता मीठ पडलेलं इंद्याल पुन्हा एकदा फुग्याने पुसून घेतलं. ओटीवर देवळातल्यासारखा गप्पपणा पसरला, सगळे श्वास घेत होते. लुईसचा उजवा हात केव्हा सुटला ते त्याला कळलंच नाही. खिशाच्या तळाशी एक कुलकुल उरलेलं होतं, ते तोंडाशी आलं आणि सगळ्यांच्या देखत मधेच थांबलं.

"खा आता," बस्त्यावकाका म्हणाले. "आवाज करून खा."